बाळसे, काटा आणि कागदावरची रेषा

१/
तान्ह्या मुलाच्या वाढीसाठी मराठीत एक फार नेमका शब्द आहे : बाळसे. मूल बाळसे धरते आणि आजारपणात त्याचे बाळसे उतरते. हा शब्द डोळ्यांनी आणि हातांनी केलेल्या परीक्षेचा आहे. आजीने बाळाला मांडीवर घ्यावे, दंड चाचपावा, मांडीवरच्या वळ्या पाहाव्यात आणि निकाल द्यावा. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत होती आणि ती टाकाऊ मुळीच नव्हती. तिच्यात उणीव एकच होती. बाळसे उतरल्याचे डोळ्यांना दिसते, तोवर बराच उशीर झालेला असतो.

२/
हा उशीर कमी करण्यासाठी माणसाने काय काय केले, त्याचा हा इतिहास. यात तराजू आहे, युद्धातला पराभव आहे, नायजेरियातले एक खेडे आहे, जामखेड आहे आणि एक साधा पुठ्ठ्याचा तक्ता आहे. थ्रेड लांब आहे; सवडीने वाचावा.

३/
आधी थोडे शरीरशास्त्र, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. साधारण दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा जन्मवजनावर येते. त्यानंतर मात्र वाढीचा जो वेग असतो, तो आयुष्यात पुन्हा कधीच लाभत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत वजन दुप्पट होते आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट.

४/
एवढ्या वेगाने वाढणाऱ्या देहाला अन्न कमी पडले किंवा जुलाब-तापाने त्याला ग्रासले, की तो सर्वप्रथम वाढ थांबवतो. बाळ हसते, खेळते, अंगावर पितेही. हाडे वर यायला अजून अवकाश असतो, चेहराही भरलेलाच दिसतो. फक्त काटा गेल्या महिन्याच्याच आकड्यावर थबकतो. कुपोषणाची ही पहिली खूण आहे आणि ती नुसत्या नजरेला दिसत नाही.

५/
आता इतिहास. अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या वैद्यकग्रंथांत नवजात बाळाचे वजन बारा पौंड किंवा त्याहूनही अधिक दिलेले सापडते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले. प्रत्यक्ष तराजू कोणी लावला नव्हता. १७५३ मध्ये ग्योटिंगेन येथील प्रसूतितज्ज्ञ योहान गेओर्ग रोएडरर यांनी नवजात बाळे खरोखर तोलली आणि सरासरी सहा-सात पौंडांच्या आसपास भरली. ग्रंथप्रामाण्य किती काळ टिकते, याचे हे उदाहरण मला नेहमी आठवते. प्रत्येक प्रसूतिगृहापासून तराजू हाकेच्या अंतरावर असणार, तरीही!

६/
त्याच सुमारास फ्रान्समध्ये फिलिबेर गेनो द मोंबेयार या गृहस्थांनी आपल्या मुलाची उंची १७५९ पासून १७७७ पर्यंत, जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत, ठरावीक अंतराने मोजून ठेवली. निसर्गशास्त्रज्ञ ब्युफों यांनी ती नोंद आपल्या ग्रंथमालेच्या पुरवणीत छापली. एकाच मुलाची इतकी वर्षे चाललेली अशी नोंद त्याआधीची ज्ञात नाही. येथे वजन नव्हते, उंची होती. पण कल्पना महत्त्वाची होती. पुष्कळ मुले एकेकदा मोजण्याने जे कळत नाही, ते एक मूल पुन्हा पुन्हा मोजल्याने कळते.

७/
ही कल्पना तान्ह्या मुलांच्या दवाखान्यात यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. ती आणली करुणेने, पण तिला रेटा दिला भीतीने.

८/
१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा प्रशियाकडून पराभव झाला. फ्रान्सचा जन्मदर आधीच घसरलेला होता, शेजारच्या जर्मनीची लोकसंख्या वाढत होती. उद्याचे सैनिक कुठून आणायचे, हा प्रश्न तेथील राजकारण्यांना छळू लागला. जन्मलेली मुले तरी जगली पाहिजेत, असे मग सर्वांनाच वाटू लागले. दाईकडे पोसायला दिलेल्या मुलांवर देखरेख ठेवणारा रूसेल कायदा १८७४ चा आहे.

९/
याच वातावरणात पॅरिसमध्ये प्येर ब्युदॅं हे प्रसूतितज्ज्ञ काम करीत होते. रुग्णालयात सुखरूप जन्मलेली बाळे घरी गेल्यावर काही महिन्यांत दगावत. बाटलीतले दूषित दूध आणि उन्हाळ्यातले जुलाब ही नेहमीची कारणे. १८९२ मध्ये त्यांनी शारिते रुग्णालयात तान्ह्या मुलांसाठी सल्लाकेंद्र सुरू केले. बाळ आजारी नसतानाही आईने त्याला नियमाने घेऊन यावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. प्रत्येक भेटीत बाळ तोलले जाई आणि आकडा नोंदवला जाई. आईचे दूध हेच उत्तम, असा ब्युदॅं यांचा आग्रह होता. ज्यांना ते शक्य नसे त्यांना निर्जंतुक केलेले दूध मिळे.

१०/
दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, फेकां या बंदराच्या गावी लेओं द्युफूर यांनी ‘गूत द ले’, म्हणजे ‘दुधाचा थेंब’, हे केंद्र उघडले. त्या धर्तीवरची केंद्रे पुढे अनेक देशांत निघाली. पॅरिसच्या बेलव्हिल भागातल्या अशा केंद्राचे झां जेफ्रुआ यांनी काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. बाळांना घेऊन आलेल्या आयांची गर्दी, तपासणारे डॉक्टर आणि वजनाचा काटा. काट्यावर ठेवलेल्या मुलाकडे पाहणारी आई परीक्षेच्या निकालाची वाट पाहत असावी, असे मला ते चित्र पाहताना वाटते.

११/
पण या केंद्रांतून एक वळणही पडले. वजनाची नोंद केंद्राच्या वहीत राहिली. बाळ आईचे, आकडा डॉक्टरांचा. आईला मिळे तो सल्ला, पुष्कळदा बोलणीसुद्धा. या वळणाकडे लक्ष ठेवा. थ्रेडच्या शेवटापर्यंत ते पाठ सोडणार नाही.

१२/
विसाव्या शतकाच्या मध्याला दुसरे वळण आले. मेक्सिको शहरातील बालरुग्णालयात फेदेरिको गोमेस यांनी कुपोषित मुलांची प्रतवारी केली. त्यांचा १९५६ चा निबंध प्रसिद्ध आहे. त्या वयाच्या निरोगी मुलाचे जे वजन असावे, त्याच्या ९० ते ७६ टक्के भरले तर पहिली पायरी, ७५ ते ६१ टक्के भरले तर दुसरी, त्याखाली तिसरी. रुग्णालयात आलेले कोणते मूल अधिक धोक्यात आहे, हे ठरवायला ही प्रतवारी उत्तम होती. आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये अशाच चार श्रेणी आखल्या. ‘श्रेणी तीन व चारची बालके’ हे शब्द महाराष्ट्रात एके काळी वर्तमानपत्रांतून आणि विधानसभेतून सतत ऐकू येत, त्यांचे मूळ हे.

१३/
प्रतवारीची मर्यादा एका उदाहरणाने पाहू. सहा महिन्यांची दोन मुले आहेत. दोघांचेही आजचे वजन साडेसहा किलो. प्रतवारीच्या दृष्टीने दोघे सारखेच. आता मागची पाने उलटा. पहिला चौथ्या महिन्यात ५.७ किलोचा होता, पाचव्यात ६.१ चा. मुळात लहान चणीचा, पण आपल्या वाटेने नीट चाललेला. दुसरा चौथ्या महिन्यात ७ किलोचा होता, पाचव्यात ६.८ चा, आज ६.५. हा घसरतो आहे. आज दोघे एकाच बिंदूवर उभे आहेत. एक जिना चढताना, दुसरा उतरताना. धावून जायचे ते दुसऱ्याकडे. नुसत्या आजच्या आकड्याला हे सांगता येत नाही.

१४/
हे ज्याने पुरते ओळखले आणि कागदावर उतरवले, तो माणूस म्हणजे डेव्हिड मॉर्ले. हा इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियातील इलेशा गावच्या मिशन रुग्णालयात रुजू झाला. जवळच्या इमेसी-इले या योरुबा खेड्यात १९५७ पासून त्याने मुलांचा जन्मापासून पाचव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. दर खेपेला वजन, मधल्या काळात कोणते दुखणे आले, मूल काय खाते. गोवर किंवा डांग्या खोकला येऊन गेला की वजनाची रेषा कशी कोसळते आणि मग सावरायला किती आठवडे जातात, हे त्या नोंदींतून लख्ख दिसू लागले. गोवर म्हणजे अंगावर उठणारे पुरळ एवढेच नव्हे; तो मुलाला महिनोन्‌महिने मागे ढकलतो, हे पटवून देण्यात मॉर्लेचा मोठा वाटा आहे.

१५/
या कामातून एक तक्ता जन्मला. त्याचे नाव मोठे बोलके होते. मराठीत त्याला ‘आरोग्याची वाट’ म्हणता येईल. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर किलो, आणि मधून चढत जाणाऱ्या दोन वक्ररेषा. त्या दोहोंमधली जागा म्हणजे वाट. दर महिन्याला एक ठिपका द्यायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा. रेषा वाटेच्या चढाला समांतर चढत असेल तर ठीक. आडवी झाली तर सावध व्हायचे. खाली वळली तर त्याच दिवशी हालचाल करायची. ठिपका वाटेच्या वर आहे की खाली, याला मॉर्लेच्या लेखी दुय्यम स्थान होते. रेषा कोणीकडे निघाली आहे, याला पहिले.

१६/
तक्त्यातली एक बारीकशी युक्ती मला विशेष आवडते. खालच्या चौकटींत ‘पहिला महिना, दुसरा महिना’ असे नुसते आकडे ठेवले नव्हते. बाळ ज्या महिन्यात जन्मले त्या महिन्याचे नाव पहिल्या चौकटीत लिहायचे आणि पुढे क्रमाने बारा महिने भरून टाकायचे. म्हणजे दर वेळी वय काढण्याचा हिशेब संपला. आज कोणता महिना ते पाहायचे आणि त्या चौकटीवर ठिपका द्यायचा. जन्ममहिना आईला ठाऊक नसेल तर स्थानिक घटनांचे कॅलेंडर करायचे. पेरणीच्या आधी की नंतर? अमक्या सणाच्या मागे की पुढे? आपल्या आज्या ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला’ असे सांगत, त्यातलाच हा प्रकार.

१७/
आणि आता सर्वांत मोठी गोष्ट. मॉर्लेने हा तक्ता आईच्या हवाली केला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि घरी ठेवायला सांगितला. ‘अडाणी बायका कागद हरवतील’ हा आक्षेप अपेक्षितच होता. अनुभव उलटा आला. दवाखान्यांच्या दप्तरात कागद गहाळ होत, आयांच्या घरी ते जपले जात. शिवाय आई मुलाला घेऊन कोणत्याही दवाखान्यात गेली तरी मुलाचा सारा इतिहास तिच्यासोबत जाई. ब्युदॅं यांच्या काळापासून वहीत अडकलेला आकडा असा सत्तर वर्षांनी घरी गेला.

१८/
पुढे लंडनमध्ये मॉर्लेने स्वस्त शिक्षणसाहित्य पुरवणारी संस्था उभारली. तिने एक गमतीदार काटा बनवला. लांब स्प्रिंग टांगायची, तिच्यामागे तक्ता अडकवायचा, खाली झोळीत मूल. स्प्रिंग जेथवर ताणली जाईल तेथेच तक्त्यावर पेन्सिलीने ठिपका द्यायचा. आकडा वाचायला नको, लिहायलाही नको. गेल्या महिन्यापेक्षा स्प्रिंग जास्त ताणली की कमी, हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे.

१९/
महाराष्ट्रात याच विचाराचे एक उदाहरण १९७० पासून उभे राहिले. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. गावाने निवडलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. त्या घरोघर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांची वजने करीत. मुलाला तोलले की दृष्ट लागते, असे मानणारी घरे तेव्हा थोडी नव्हती. बाहेरून आलेल्या डॉक्टरला जे दार बंद असे, ते शेजारच्या बाईला उघडे होते. आलेखाला शाळा लागते, हा समज या बायकांनी खोटा ठरवला.

२०/
२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द आपल्या भाषेत रुजला. वजनकाटा प्रत्येक अंगणवाडीचा अविभाज्य भाग झाला. हे काम किती प्रचंड आहे याची जाणीव ठेवून, तुटपुंज्या मानधनावर ते करणाऱ्या सेविकांविषयी पूर्ण आदर बाळगून, एक गोष्ट म्हणावी लागते. या योजनेत रेषेपेक्षा श्रेणीला महत्त्व आले. वरच्या कचेरीला दर महिन्याला हवे असे ते कोणत्या श्रेणीत किती मुले याचे कोष्टक. घसरू लागलेले, पण अजून ‘सर्वसाधारण’ रकान्यातच असलेले मूल त्या कोष्टकात कुठे दिसणार?

२१/
याला अपवाद तमिळनाडूत घडला. १९८० मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून, मदुराई जिल्ह्यापासून, तेथे एक पोषण प्रकल्प सुरू झाला. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांचे दरमहा वजन. पूरक आहार सरसकट सर्वांना नाही. तीव्र कुपोषित मुलांच्या बरोबरीने ज्यांची वाढ अडखळली त्यांना, मग त्यांची श्रेणी कोणतीही असो. सुमारे नव्वद दिवस लाडू द्यायचा; रेषा पुन्हा चढू लागली की बंद. लाडू म्हणजे कायमचा शिधा नव्हे, उपचार आहे, हे त्यामुळे आईलाही कळे. तेथील तीव्र कुपोषण लक्षणीय घटल्याचे मूल्यमापनांत दिसून आले.

२२/
१९८२ मध्ये युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी जगभरची बालमृत्यूंविरुद्धची मोहीम चार साध्या उपायांवर उभी केली : वाढीवर लक्ष, जलसंजीवनी, स्तनपान, लसीकरण. यादीत पहिले नाव वाढीचे. प्रत्यक्षात मात्र पैसा आणि लक्ष गेले ते लस आणि जलसंजीवनीकडे. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. किती लशी टोचल्या, किती पुड्या वाटल्या हे मोजता येते. महिनोन्‌महिने ठिपका जोडणे आणि प्रत्येक वेळी आईशी पाच मिनिटे बोलणे मोजायचे कसे?

२३/
मग आली या इतिहासातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात साबू जॉर्ज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतील बारा गावे. सर्व गावांत आरोग्यसेवा आणि आहारविषयक शिक्षण सारखेच. सहा गावांत त्याखेरीज वजन आणि आलेख, तेही काळजीपूर्वक केलेले. सुमारे अडीच वर्षांनी दोन्ही गटांतील मुलांच्या वाढीत फरक आढळला नाही.

२४/
हा निष्कर्ष अनेकांना झोंबला. काहींनी तर काटेच मोडीत काढावेत असे सुचवले. माझे मत वेगळे आहे. चांगली सेवा, चांगला सल्ला जेथे सर्वांनाच मिळतो, तेथे आलेखाने वेगळी भर पडली नाही, एवढे या अभ्यासाने दाखवले. काट्याने पोट भरत नाही, हे आपल्या कोणत्याही शेतमजूर बाईने न शिकता सांगितले असते. तमिळनाडूच्या त्या प्रकल्पात ठिपका अडखळला की मागून लाडू येत होता, कोणी घरी येऊन चौकशी करीत होते. जेथे ठिपक्यामागून काहीच येत नाही, तेथे तो मुलाच्या हालांची अचूक नोंद करीत राहतो, इतकेच.

२५/
अजून एक चूक दुरुस्त व्हायची होती, आणि ती खुद्द छापील वक्ररेषेत होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकाअखेर जी संदर्भरेषा स्वीकारली, तिचा तान्ह्या मुलांचा भाग अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका अभ्यासावर आधारलेला होता. त्यातली बहुसंख्य मुले गौरवर्णीय आणि बाटलीच्या दुधावर वाढलेली. अंगावर पिणाऱ्या बाळाची वाढ पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर किंचित संथ होते. ती तशीच असायला हवी. या रेषेवर मात्र ते बाळ मागे पडल्यासारखे दिसे. मग सांगणारे सांगत, ‘बाई, दूध पुरत नाही, वरचे सुरू करा.’ स्तनपानाचा प्रचार एका भिंतीवर आणि त्याला खोटे पाडणारा आलेख दुसऱ्या भिंतीवर, असे दृश्य जगभरच्या दवाखान्यांत कित्येक वर्षे होते.

२६/
ते बदलण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी मुले मोजली गेली : ब्राझीलमधील पेलोटास, घानातील अक्रा, भारतातील दिल्ली, नॉर्वेतील ओस्लो, ओमानमधील मस्कत आणि अमेरिकेतील डेव्हिस. सुमारे साडेआठ हजार मुले, सुस्थितीतल्या घरांतली. तान्ही होती ती अंगावर पिणारी. या सहा ठिकाणच्या मुलांची वाढ आश्चर्य वाटावे इतकी सारखी निघाली. ‘आपली मुले मुळातच लहान चणीची’ हे समर्थन निदान पहिल्या पाच वर्षांपुरते त्या दिवशी लंगडे पडले. नवी मानके एप्रिल २००६ मध्ये जाहीर झाली. २००८ नंतर आपल्या अंगणवाड्यांतून जुन्या चार श्रेणींच्या जागी हिरवा, पिवळा आणि नारिंगी पट्टा आला, मुलींचा तक्ता वेगळा आणि मुलग्यांचा वेगळा.

२७/
आता वर्तमान. २०२१ पासून अंगणवाडीतले वजन ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्ये भरले जाते. आकडा काही क्षणांत दिल्लीला पोहोचतो. माता व बाल संरक्षण कार्ड आजही छापले जाते, त्यात वाढीचे आलेख असतात आणि ते आईकडेच राहते. पण तुमच्या घरात, शेजारात कोणाचे असे कार्ड असेल तर जरूर उघडून पाहा. लशींच्या तारखा बहुधा नीट भरलेल्या असतील. त्यानंतर आलेखाचे पान काढा आणि त्यावर किती ठिपके आहेत, ते जोडलेले आहेत का, हे मोजा. मी आजवर पाच कार्डे पाहिली. एकावर तीन ठिपके होते, त्यांना जोडणारी रेषा नव्हती. उरलेल्या चारांवर ते पान कोरे होते.